चालू मागावर

नऊ हजार ओळींची एकच फाईल,
आणि अकराशे बाराव्या ओळीवर
रघुपती गुंडलानं तेलुगूत लिहून ठेवलंय :
इदि मुट्टुकोवद्दु.
याला हात लावू नकोस.
खाली नुसते चौकोन, मोडलेल्या फॉन्टचे.
मला वाटलं, कचरा.

अशोक चौकामागे सुताच्या गोदामावरची खोली,
मे महिना,
कुलर कोरडा, कारण नळाची पाळी परवा.
खाली टेम्पोत गाठी चढतात,
वर माझ्या पडद्यावर त्याच गाठी उतरतात :
चादर डबल, मोराची, मरून, दोन नग.
टॉवेल पाच डझन, पत्ता इंडी.
बसवंतअण्णा म्हणाले, नवं कर सगळं,
पण दुकान एक मिनिट बंद नको,
लग्नसराई आहे, टॉवेल-टोपीचे आहेर निघतात.

माझी आई वहीफणी करायची.
बीम संपला की मागाखाली शिरायची,
जुन्या ताण्याची उरलेली शेपटं
आणि नव्या बीमचा एकेक धागा चिमटीत,
बोटाला राख, एक पीळ, पुढचा.
दोन हजार चारशे वेळा.
रात्री ताट धरताना तिची चिमूट सुटायची नाही.
पण तिच्यासाठी माग उभा असायचा,
गप्प, मान खाली घालून.
माझा धावत होता.

मग आधी फोटो हलवले, मग पत्ते,
मग शिल्लक मालाचा हिशोब, जो कधीच जुळला नव्हता.
प्रत्येक ऑर्डर दोन्हीकडे लिहिली जायची :
जुन्याचं खरं धरायचं,
नव्यानं नुसतं शेजारी बसून गिरवायचं.

एके ठिकाणी बुधवार बाद केलेला सापडला.
बुधवारी कुठल्याच गावाला माल निघायचा नाही.
का, ते अण्णांना ठाऊक नाही.
खालच्या काशिनाथ हमालाला ठाऊक होतं :
बुधवारी लाईट नसायची की तेव्हा.
माग बंद, तर माल कुठला?
लाईट येऊन किती वर्षं झाली,
बुधवार अंधारातच बसून होता.
मी त्याला उठवला.
पहिल्याच बुधवारी चौऱ्याहत्तर गाठी,
आणि काशिनाथ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शेवटच्या रात्री दोन वाजता
जुन्यात एक्केचाळीस हजार दोनशे सहा,
नव्यात एक्केचाळीस हजार दोनशे तीन.
तीन माणसं कमी.
तीन म्हणजे काही नाही, असं म्हणता आलं असतं.
खिडकीतून गरम वारा, कुठेतरी एक माग
खडखड, खडखड, रात्रपाळीचा.
आई एक धागा तुटला तरी
आवाजावरून ओळखायची.

सापडली ती पावणेचारला.
एक अक्कलकोटची बाई, फोन नंबर मराठी आकड्यांत,
एक नारायणपेठचा, तेलुगूत.
आणि इंडीचे सिद्रामप्पा, पाच डझनवाले,
त्यांचे दहाही आकडे कन्नडमध्ये, गोल गोल, ठसठशीत.
नव्यानं विचारलं होतं, हा नंबर आहे का?
आणि स्वतःच ठरवलं होतं, नाही.
जुन्यानं विचारलंच नव्हतं.
अकराशे बाराव्या ओळीखाली
ते चौकोन उलगडून पाहिले तेव्हा
तिन्ही भाषांतले शून्य ते नऊ
रांगेत उभे होते, हाताने टाईप केलेले.

सकाळी रघुपतीला फोन लावला. आता टायरचं दुकान आहे त्याचं, होटगी रोडला.
मागे कुणीतरी चाकात हवा भरत होतं.
तो एवढंच म्हणाला :
चालू आहे अजून?

चालू आहे.
ते तीस आकडे मी नव्यात आणून ठेवलेत
आणि त्यांच्यावर, पुढे जो कुणी येईल त्याच्यासाठी :
हात लाव खुशाल.
फक्त आधी इंडीला फोन कर.